शोरूममधला उंट

भोईर काका गाडीवर बसले होते आणि त्यांना उतरता येत नव्हतं.

शनिवारची सकाळ. शोरूम भरलेलं. काकांचे दोन्ही बूट जमिनीला लागत होते, पण नुसती टोकं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात बोटाएवढी जाड चेन आणि चेहऱ्यावर असा भाव की मी इथे मजेत बसलोय. चढल्या चढल्या त्यांनी साइड स्टँड टाचेने मागे ढकलला होता. नव्या गाडीवर बसलेला प्रत्येक पुरुष हे करतो. का करतो ते मला अजून कळलेलं नाही. आता गाडीचं सगळं वजन काकांच्या बुटांच्या टोकांवर होतं आणि ते हळूहळू डावीकडे सरकायला लागलं होतं.

"काका, हँडल सरळ धरा. मी स्टँड लावते, मग उतरा," मी म्हटलं.

"उतराचं कोनाला हाय? निवांत बसलोय मी."

समोर सोफ्यावर त्यांच्या मिसेस, कुसुम काकी, चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

"निवांत बसलेल्या मानसाला असा घाम न्हाय फुटत," त्या म्हणाल्या. "मॅडम, तुमच्याकडं शिडी हाय का?"

वर्कशॉपमधल्या एकाला हाक मारली. त्याने मागून कॅरिअर धरलं, मी वाकून स्टँड ओढला आणि काका खाली आले. येताना त्यांचा पाय सीटला अडकला. एका पायावर उड्या मारत ते थेट हेल्मेटच्या रॅकपर्यंत गेले. तिथे पोचल्यावर त्यांनी एक हेल्मेट उचललं आणि उलटसुलट करून बघायला लागले, जणू त्यासाठीच तिकडे गेले होते.

मी विद्या. भिवंडीतल्या या दुचाकीच्या शोरूममध्ये सेल्सला आहे. सुरुवात मात्र इन्शुरन्सच्या टेबलवर झाली. पॉलिसी रिन्यू करायची, शिक्का मारायचा, पुढचा. तिथून फ्लोअरवर यायला मला बरीच वर्षं भांडावं लागलं. मोटरसायकल बघायला आलेली माणसं मला बघून विचारायची, "कोणी जेंट्स स्टाफ आहे का?" आता तसं विचारत नाहीत. आता विचारतात, "मॅडम, तुम्ही स्वतः चालवता का?" मी हो म्हटलं की डिस्काउंट मागतात. या दोन गोष्टींचा संबंध काय ते त्यांनाच ठाऊक.

काका ज्या गाडीवर अडकले होते तिला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर निम्मी रस्त्याची, निम्मी रानातली. पुढचं चाक मोठं. टायरला शेतातल्या ढेकळांसारखे रबराचे गट्टू. सस्पेन्शनचा ट्रॅव्हल लांब, म्हणजे खड्डा आला की चाक भरपूर वर-खाली होतं आणि वरचा माणूस जवळजवळ जागेवर राहतो. चाकाला एवढं वर-खाली व्हायला जागा हवी, म्हणून सगळी गाडीच उंच. आणि रानात उभं राहून चालवायची अशी अपेक्षा, म्हणून सीट अरुंद आणि टणक, फळीवर चादर घातल्यासारखी.

ब्रोशरमध्ये या गाडीशेजारी एक दाढीवाला माणूस तळ्याकाठी उभा असतो. ब्रोशरमधली गाडी कधी सिग्नलला थांबलेली नसते. तिच्यापुढे कंटेनर अडकलेला नसतो आणि मागे कोणी बायको बसलेली नसते.

आमच्याकडची ती केशरी गाडी बऱ्याच महिन्यांपासून फ्लोअरवर उभी होती. स्टाफमध्ये तिचं नाव उंट, आणि ते गिऱ्हाइकांसमोरही कोणी लपवत नसे. पोरं यायची, फोटो काढायची आणि स्कूटर घेऊन जायची.

काकांना चहा दिला आणि नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. रोज कुठून कुठे जाता? रस्ता कसा? पाठीचा काही त्रास? काका अंजूरचे. वडिलोपार्जित भातशेती होती, आता त्या जागेवर गोदामं आहेत. भाडं येतं. दारात मोठी गाडी आहे, ती मुलगा चालवतो.

"मग बाइक कशाला काका?"

"त्या मोठ्या गाडीचं काय करू? दारातून निघालो का पुढं कंटेनर, मागं कंटेनर. बाइक कुठूनबी निघते."

"लांब जायचा विचार आहे? लडाख वगैरे?"

"लडाखला काय हाय? नारपोलीला जाचंय. गोदामावर जाचंय. रविवारी कोन गावाला जाचं, हिच्या बहिणीकडं."

"आनि पाठीचं सांगा की," काकी म्हणाल्या. "मनका सरकलाय म्हनून डॉक्टरांनी सांगितलंय, धक्के न्हाय पायजेत."

"त्याच्यासाठीच तर ही. हिला धक्केच न्हाय," काका म्हणाले. "जनार्दन बोलला."

जनार्दन म्हणजे कोन गावचे साडू, काकींच्या बहिणीचे यजमान. त्यांनी हीच गाडी दुसऱ्या शहरातून घेतली होती आणि घरच्या हळदीला मांडवाच्या तोंडाशी उभी केली होती, येणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालून आत जावं लागेल अशी. जनार्दन सहा फूट उंच. भोईर काका माझ्याहून दोन बोटं जास्त, आणि मला स्टुलावर चढल्याशिवाय वरच्या फाइली निघत नाहीत.

पण काका म्हणत होते त्यात चूक काही नव्हतं. आमच्या रस्त्यांना ही गाडी खरंच चांगली. बसायची पद्धत ताठ, हँडल रुंद, खड्डा लागत नाही. म्हणून मी त्यांना तिचाच धाकटा भाऊ दाखवला. तीच कंपनी, तोच तोंडवळा, पण सस्पेन्शन थोडं आखूड, सीट खाली आणि रुंद, टायर रस्त्याचे. काका त्याच्यावर बसले. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या. लगेच उतरले.

"ही ल्हान हाय."

"लहान नाही काका, बेताची आहे."

"जनार्दनच्या बाजूला लावली का ल्हान दिसंल."

तेवढ्यात केबिनच्या काचेवर टकटक झाली. आमचे मॅनेजर इरफानभाई. आधी यंत्रमागाचा धंदा होता त्यांचा, तो बंद करून इथे आले. बोलताना कुठल्या भाषेत सुरुवात केली ते वाक्य संपेपर्यंत विसरतात.

"मॅडम, वो ऊँट आज निकलना चाहिए."

"इरफानभाई, त्यांचे पाय पोचत नाहीत."

"पाय नहीं पहुंचते, चेकबुक तो पहुंचता है ना? गिऱ्हाईक खुद मांग रहा है. आणि तू त्याला छोटी दाखवतेस?"

"त्यांची पाठ खराब आहे. पडले तर?"

"सोमवारला एरिया मॅनेजर येतोय. फ्लोअरवर उंट दिसला तर तो आपला स्कूटरचा कोटा कापणार. स्कूटर नाही तर शोरूम में क्या बेचेंगे, अगरबत्ती?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तू चलाके दिखा. तू त्याच्यापेक्षा बुटकी. मॅडम चालवते म्हटल्यावर कुठला मर्द नाही म्हणेल?"

"आणि नाही दाखवली तर?"

"इन्शुरन्सचं टेबल खाली आहे."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. टेबल खरंच रिकामं होतं.

मी चावी घेतली. मागच्या यार्डमध्ये उंट काढला, काकांना आणि काकींना कडेला उभं केलं आणि दोन फेऱ्या मारल्या. थांबले, निघाले, आठाच्या आकड्यात फिरवली. काकांचे डोळे चमकले. इरफानभाई दारात उभे राहून मान डोलवत होते.

"बघ," काका काकींना म्हणाले. "मॅडम माझ्यापेक्षा बुटकी हाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं असं इरफानभाई आजही म्हणतात.

"काका, माझे पाय बघितलेत का?" मी म्हटलं. पुन्हा चढले आणि सावकाश करून दाखवलं. बुटक्या माणसाने उंच गाडी थांबवायची एक पद्धत असते. थांबायच्या जरा आधी ढुंगण सीटवरून एका बाजूला सरकवायचं, एकच पाय पूर्ण टेकवायचा आणि दुसरा वरच ठेवायचा. त्यासाठी आधी बघून ठेवावं लागतं की त्या बाजूला जमीन कशी आहे. "यार्डात ठीक आहे. पण अंजूरपासून नारपोलीपर्यंत किती वेळा थांबता? दर वेळी ही कसरत करायची. दर वेळी कमरेला पीळ. मी यार्डाबाहेर ही गाडी रोज चालवणार नाही, आणि माझी पाठ चांगली आहे."

इरफानभाई दारातून आत गेले. दार जरा जोरात लागलं.

काकांना वाटलं मी त्यांना बुटका म्हणाले. म्हणालेच होते, पण मी स्वतःलाही म्हटलं होतं. ते ऐकून घ्यायच्या मूडमध्ये नव्हते.

"टेस्ट राइड द्या," ते म्हणाले. "बोलाचं नंतर."

टेस्ट राइड मागितली की द्यावी लागते. लायसन्स बघितलं, हेल्मेट घातलं. आमचा नियम असा की सोबत स्टाफपैकी कोणीतरी हवं. उंटावर काकांच्या मागे बसायची माझी तयारी नव्हती. मी धाकटी गाडी काढली. काकी म्हणाल्या, "मी हितं एकटी काय करू?" आणि साडी सावरून माझ्यामागे एका बाजूला पाय सोडून बसल्या. त्यांच्या वजनाने गाडी जराशी खाली बसली आणि स्थिर झाली. एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्यात पर्स.

काका पुढे, आम्ही मागे.

पहिला अर्धा किलोमीटर मला वाटलं की मीच चुकले. नारपोलीकडे जाणारा रस्ता म्हणजे खड्ड्यांमध्ये अधूनमधून रस्ता. काका त्यावरून तरंगत चालले होते. पाठ ताठ, कोपरं बाहेर. टेम्पोवाले वाट देत होते. एका खड्ड्यात उंटाचं पुढचं चाक अख्खं गेलं आणि बाहेर आलं, काकांचं डोकंसुद्धा हललं नाही. त्यांनी मागे वळून आमच्याकडे बघितलं. हेल्मेटच्या आतून हसू दिसत होतं.

"लई दिवसांनी असं बसलेत हे," काकी माझ्या कानाशी म्हणाल्या. मघाचा चेष्टेचा सूर त्यात नव्हता.

मग ट्रॅफिक लागला. पुढे एक कंटेनर गल्लीत वळायला गेला होता आणि निम्मा वळून राहिला होता. सगळं थांबत, सरकत, थांबत. काका पहिल्यांदा थांबले तेव्हा बोटांवर झुलले. दुसऱ्यांदा एका रिक्षाला हात लावून उभे राहिले. रिक्षावाला काही बोलला नाही, पण रिक्षा निघाली तेव्हा आधार पण निघाला. तिसऱ्यांदा ते रस्त्याच्या डाव्या कडेला आले.

आमच्याकडचे नवे काँक्रीटचे रस्ते कडेच्या मातीपेक्षा चांगले वीतभर उंच असतात. कड भरायचं काम राहिलेलं असतं. काकांनी डावा पाय खाली सोडला. जिथे जमीन असायला हवी तिथे जमीन नव्हती. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि त्याच्यामागून बाकीचे काका निघाले.

उंच गाडी पटकन पडत नाही. ती विचार करत पडते. मी ब्रेक लावला, काकींनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं, आणि आमच्या दोघींच्या डोळ्यांदेखत काका सावकाश डावीकडे झुकत गेले. तिथे एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या, दाराशी हातगाडी उभी होती, कापडाचे तागे रचलेली. काका त्या ताग्यांवर पाठीने टेकले. गाडी त्यांच्या मांडीवर येऊन थांबली. आरसा फुटला. क्लचचा लिव्हर वाकला. काका ताग्यांवर अर्धवट झोपलेले, आकाशाकडे तोंड करून.

पाठ दुखणारा माणूस. मणका सरकलेला. मी त्यांना जाऊ दिलं होतं.

लूममधून तीन-चार कामगार धावत आले. एकाने गाडी उचलली, दोघांनी काकांना. "चाचा, लगा तो नहीं? किसने चढ़ाया इतने ऊँचे पे?"

"पाठ?" मी विचारलं. "काका, पाठ कशी आहे?"

काकांनी कंबर हलवून बघितली. एकदा इकडे, एकदा तिकडे. "पाठ ठीक हाय. ताग्यांवर पडलो." घोटा जरा मुरगळला होता. चेहरा त्याहून जास्त.

कामगारांनी आम्हाला लूमच्या ओट्यावर बसवलं आणि चहा सांगितला. आत लूम चालू होते. ज्यांनी लूम ऐकलेला नाही त्यांना सांगते, लूमच्या दाराशी बसून बोलायचं असेल तर भांडल्यासारखंच बोलावं लागतं. खटखट, खटखट, एक क्षण थांबत नाही. काकी काकांचा घोटा चोळत होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या, मला नुसते ओठ दिसले. काकांनी ओरडून विचारलं, "काय?"

"बोलते, मोठी गाडी हाय ना दारात," काकी ओरडल्या. "पोरगा नेतो ना, तुमी बोलाल तिकडं. कशाला हा उंट पायजेल?"

काका एकदम घसा ताणून बोलायला लागले.

"पोरगा नेतो. पन आदी इचारतो, कुठं जाचंय. मग इचारतो, कशाला. मग बोलतो, फोन करा ना, जाचं काय काम हाय. शेत व्हतं तवा सकाळी निघालो का दुपारपर्यंत कोनाला ठावं नसं मी कुठं हाय. बांधावर बसलोय का खाडीवर गेलोय. आता सोफ्यावरून उठलो तरी..."

आणि लाइट गेली. लूम थांबले. एकदम, सगळे. नारपोलीत हे होतं. गल्लीत एवढी शांतता पडली की दूरच्या कंटेनरचा मागे येतानाचा टीं-टीं आवाज ऐकू यायला लागला. पण काकांचं वाक्य निघालेलं होतं, त्याच आवाजात.

"...कुठं चाललाव म्हनून इचारतात. मना कुनी इचारलेलं नकोय."

अख्ख्या गल्लीने ऐकलं. आतून कामगार घाम पुसत बाहेर आले होते, ते जागच्या जागी थांबले. चहावाला ग्लास हातात घेऊन उभा राहिला. कोणी हसलं नाही. मला वाटलं, काका आता उठून चालायला लागतील. ते बसून राहिले, बुटांकडे बघत.

काकी घोटा चोळायच्या थांबल्या होत्या.

"आनि मी?" त्या म्हणाल्या. आता ओरडायची गरज नव्हती. "मना तरी कोन नेतंय कुठं? आदी तुमच्या मागं बसून जायाची मी. बाजाराला, खाडीवर, कोनला. मोठी गाडी आली तवापासून पोरगा बोलतो, आई तुला काय आनाचं ते सांग, मी आनतो. मना आनाचं काय न्हाय. मना जाचंय."

काकांनी वर बघितलं.

"त्या उंटाची मागची शिट बघितलीव का तुमी? माझ्या कमरेच्या वर हाय. तिच्यावर चढाया मना हातगाडीच लागंल. तुमी उंट घ्याल आनि एकलेच जाल. मग मी पन इचारीन, कुठं चाललाव."

हे मी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं गाड्या विकते, पायांचं माप, पाठीचं दुखणं, रोजचा रस्ता सगळं विचारते. मागे कोण बसणार हे विचारलं नव्हतं. काकी सोफ्यावर चहा पीत बसल्या होत्या आणि मी त्यांना काकांच्या सोबत आलेलं माणूस समजले होते.

चहा आला. तिघांनी प्यायला. काका काही वेळ गाड्यांकडे बघत होते, एकीचा आरसा फुटलेला, दुसरी स्टँडवर सरळ उभी.

"तुझी पाठ न्हाय दुखली हिच्यावर?" त्यांनी काकींना विचारलं.

"न्हाय. शिट रुंद हाय. मॅडम गाडी नीट चालवते."

"मॅडमपेक्षा मी नीट चालवतो," काका म्हणाले.

ते उठले, लंगडत धाकट्या गाडीकडे गेले, बसले. दोन्ही टाचा खाली. काकी मागे बसल्या, मघा माझ्या खांद्यावर होता तो हात आता त्यांच्या खांद्यावर. मला वाटलं, वळवून परत शोरूमकडे जातील. काकांनी इंडिकेटर दिला, कंटेनरच्या बाजूने फटीतून गाडी काढली आणि सरळ निघून गेले. शोरूमच्या विरुद्ध दिशेला.

मी हाक मारली. लाइट आली. लूम सुरू झाले.

वाकलेल्या लिव्हरचा उंट मी एकटीने शोरूमला परत आणला. वाटेत प्रत्येक थांब्याला ढुंगण सरकवत. इरफानभाई दारातच उभे होते.

"गिऱ्हाईक?"

"गेलं."

"दुसरी गाडी?"

"ती पण गेली."

त्यांनी उंटाच्या आरशाकडे बघितलं, लिव्हरकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ कुठलीच भाषा निघाली नाही. मग म्हणाले, "मॅडम, टेस्ट राइड म्हणजे गाडी परत येते. उसीको टेस्ट राइड बोलते हैं."

काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. इरफानभाई येरझारा घालत होते आणि दर फेरीला 'लायसन्सची झेरॉक्स आहे ना?' असं विचारत होते. दुपारी काकींचा फोन आला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा आवाज.

"मॅडम, आमी कोनला हाव. बहिणीकडं. काळजी नका करू, जेवाया बसलोय."

"काकी, गाडी?"

"दारात हाय. जनार्दनभाऊ चालवून बघतायत."

फोन स्पीकरवर होता. इरफानभाई खुर्चीत बसले.

ते दोघं ऊन कलल्यावर आले. गाडीवर धुळीचा थर, टाकी जवळजवळ कोरडी. मधे कुठेतरी खाडीकडेही जाऊन आले असावेत, कारण मडगार्डला चिखल होता. मी विचारलं नाही. काकांनी तिथल्या तिथे बुकिंग केलं. फुटलेल्या आरशाचं आणि लिव्हरचं काय ते त्यांनीच बिलात लावायला सांगितलं. रंग काकींनी निवडला. काका केशरी म्हणत होते, काकी म्हणाल्या, "केशरी पाडून झाली एक."

सोमवारी एरिया मॅनेजर आला. उंट फ्लोअरवरच होता, वर आरसाही एकच. त्या महिन्याचा स्कूटरचा कोटा कापला गेला. इरफानभाई म्हणाले होते तसंच झालं, आणि त्यांनी दुसरं म्हणाले होते तेही केलं. मंगळवारपासून मी इन्शुरन्सच्या टेबलवर. शिक्का तोच होता, फक्त पॅड सुकलं होतं. विकलेली गाडी बरोबर होती आणि तरी मी टेबलामागे होते, हे मला पचत नव्हतं.

तो आठवडा संपायच्या आत एक सहा फुटी गृहस्थ दारात आले. मागे एक बाई, काकींच्याच चेहऱ्याची, जरा उंच. इरफानभाई स्वतः पुढे गेले.

"ती बुटकी मॅडम कुठाय?" गृहस्थांनी विचारलं.

हे जनार्दनभाऊ. बाहेर त्यांचा उंट उभा होता, पाण्याने धुतलेला. तो एक्स्चेंजला देऊन धाकटी घ्यायची होती. भाऊंचे पाय दोन्ही गाड्यांवर छान पोचत होते, त्यांना काही अडचण नव्हती. तसं त्यांनी दोनदा सांगितलंही.

"मग कशाला बदलता?" इरफानभाईंनी विचारलं. आणखी एक उंट फ्लोअरवर येणार या विचाराने त्यांचा आवाज चिरकला होता.

भाऊंनी बायकोकडे बघितलं.

"त्या दिवशी भावजींच्या मागं बसून फेरी मारली मी," त्या म्हणाल्या. म्हणजे झालं असं होतं की जेवणानंतर भोईर काकांनी आधी मेहुणीला फिरवून आणलं होतं, मुद्दाम, जनार्दनभाऊंच्या समोरून. "आमच्या गाडीवर मी कवाच बसले न्हाय. घेतल्यापासून. ह्यांच्या कदी ध्यानातच न्हाय आलं."

इरफानभाईंनी मला टेबलवरून हाताने खूण करून बोलावलं. फ्लोअरवर परत यायचा माझा कार्यक्रम एवढाच झाला.

दोन्ही उंट पुढे गेले. एक वर डोंगराकडच्या आश्रमशाळेच्या सरांनी घेतला. शाळेपर्यंतचा शेवटचा रस्ता कच्चाच, एकटेच जाणार, आणि पाय लांबलचक. त्यांना मी काही समजावून सांगितलं नाही, नुसती चावी दिली. ते यार्डात एक फेरी मारून आले आणि म्हणाले, चालेल. दुसऱ्याला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला, पण मिळालं. गाडीत खोट नव्हतीच.

भोईर काका सर्व्हिसिंगला येतात तेव्हा काकी मागे असतात. कुठून आलात, असं मी विचारत नाही.

आता कोणी उंच गाडी मागायला आलं की मी आधी विचारते, मागे कोण बसणार? कोणी सोबत असेल तर त्यालाच पहिल्यांदा बसवते, पुढच्याने मग चढायचं. "कोणी नाही बसणार" असं उत्तर आलं आणि घरी माणसं असतील तर म्हणते, उद्या घरच्यांना घेऊन या, मग बघू. इरफानभाई म्हणतात, अशाने मी धंदा बुडवणार. अजून बुडालेला नाही.